टपाल नेमकं कोणत्या गोदामात आहे?

सिल्वासाच्या आसपास आमली, मसाट, पिपरिया किंवा खडोलीच्या औद्योगिक पट्ट्यात सकाळी फाटकाशी ट्रक लागतो, तेव्हा डिस्पॅच पाहणाऱ्या माणसाच्या एका हातात चलान असतं आणि दुसऱ्या हातात फोन. यार्नचे कार्टन मोजून चढवले जातात. माल भिवंडीला जाणार, इचलकरंजीला की सुरतेला, हे फोनमधल्या मेलवरून ठरतं. ऑर्डर मुंबईच्या हेड ऑफिसातून आलेली असते, लॉटचा टेस्ट रिपोर्ट लॅबने पाठवलेला असतो, ई-वे बिलाची पीडीएफ अकाउंट्सकडून आलेली असते. आणि नेमक्या त्या वेळी फोन सांगतो, जागा संपली. पीडीएफ उघडत नाही. ड्रायव्हर घाईत असतो. मग बहुतेक जण एकच करतात: जुन्या मेलवर बोट दाबून धरायचं, दिसतील तेवढे निवडायचे आणि कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबायचं.

त्याने फोनमध्ये मोकळी होणारी जागा किरकोळ असते. हातातून जाणारा ऐवज मात्र मोठा. कुणी तरी दोन वर्षांपूर्वी मेलवर मान्य केलेला दर, मालाच्या दर्जाबद्दलची तक्रार आणि तिचं उत्तर, बँकेचं पत्र, असं सगळं एका झटक्यात कारखान्याच्या प्रत्येक कॉम्प्युटरवरून नाहीसं होऊ शकतं.

कारखानदारीत मुरलेल्या माणसाला हे गोदामाच्या भाषेत पटकन कळेल. मेलची गोदामं दोन असतात. एक लहान गोदाम फोनमध्ये. तिथे अलीकडच्या काही दिवसांच्या मेलची नक्कल आणि उघडून पाहिलेल्या फायली असतात. दुसरं मोठं गोदाम सर्व्हरवर, म्हणजे गूगलकडे, मायक्रोसॉफ्टकडे किंवा कंपनीच्या डोमेनसाठी जागा विकत घेतलेल्या होस्टिंगवाल्याकडे. दोन्ही गोदामं वेगवेगळ्या कारणांनी भरतात आणि वेगवेगळ्या पद्धतीने रिकामी होतात. म्हणून काहीही पुसण्याआधी पाहायचं ते हे, की भरलंय कोणतं. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’ उघडलं की फोनची जागा दिसते. जीमेल अ‍ॅपमध्ये उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या गोल चित्रावर टिचकी मारली, की सर्व्हरवरच्या १५ जीबीपैकी किती वापरली गेली ते कळतं. कंपनीच्या डोमेनवरच्या खात्याचा हिशोब वेबमेलमध्ये किंवा होस्टिंगच्या पॅनेलवर दिसतो. फोन भरलेला आणि सर्व्हर अर्धा रिकामा, किंवा नेमकं याच्या उलट, असं सर्रास असतं.

ही दोन गोदामं एकमेकांशी कशी जोडलेली आहेत, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. आज बहुतेक खाती आयमॅप किंवा त्यासारख्या पद्धतीने चालतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये आयमॅप रचलं, ते टपाल सर्व्हरवरच राहावं आणि कुठूनही वाचता यावं यासाठी. त्यामुळे फोनवर केलेली प्रत्येक कृती सर्व्हरवर उमटते. फोनमध्ये पुसलेला मेल ऑफिसच्या कॉम्प्युटरवरूनही जातो. पीओपी ही त्याआधीची पद्धत. तिच्यात फोन किंवा कॉम्प्युटर टपाल सर्व्हरवरून उचलून आपल्याकडे आणतो, आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ असं सांगून ठेवलं नसेल तर मागे काहीच उरत नाही. वीस वर्षांपूर्वी उघडलेली कंपनीची खाती अनेक ठिकाणी अजून पीओपीवर आहेत. खातं कोणत्या पद्धतीचं आहे, हे फोनच्या मेल अ‍ॅपमध्ये त्या खात्याच्या ‘इनकमिंग सर्व्हर’ या सेटिंगखाली पाहता येतं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते या लेखातल्या बाकी सगळ्या कामांच्या आधी करावं.

फोनची अडचण मेलमुळे थोडी आणि मेलमधून बाहेर काढलेल्या फायलींमुळे जास्त असते. इनव्हॉइसची एक पीडीएफ मेलमध्ये आली असं धरू. डिस्पॅचवाला ती उघडतो. एक नक्कल अ‍ॅपच्या तात्पुरत्या साठ्यात, म्हणजे कॅशमध्ये, पडते. तो ती ‘डाउनलोड’ करतो. दुसरी नक्कल डाउनलोड्स फोल्डरमध्ये. मग तीच पीडीएफ ट्रान्सपोर्टरला आणि ड्रायव्हरला व्हॉट्सअ‍ॅपवर जाते. तिसरी नक्कल व्हॉट्सअ‍ॅपच्या कागदपत्रांतल्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये. पार्टी माल पोचल्याची सही घालून तोच कागद परत पाठवते, चौथी. दिवसाला पंधरा-वीस गाड्या निघणाऱ्या युनिटमध्ये वर्षभरात काय होतं, याचा हिशोब वाचकाने स्वतःच करावा. यातली डाउनलोड्समधली आणि कॅशमधली नक्कल पुसली तर काहीही बिघडत नाही, कारण आयमॅपच्या खात्यात मूळ मेल सर्व्हरवर शाबूत असतो. सुरुवात इथूनच करावी.

गूगलचं ‘फाइल्स’ हे अ‍ॅप जुळ्या फायली आणि मोठ्या फायली वेगळ्या काढून दाखवतं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, ‘स्टोरेज अँड डेटा’, मग ‘मॅनेज स्टोरेज’ असं गेलं की ५ एमबीपेक्षा मोठ्या फायली आणि वारंवार फॉरवर्ड झालेल्या गोष्टी समोर येतात. सकाळच्या शुभेच्छांचे व्हिडिओ तिथेच सापडतात आणि त्यांना निरोप देताना विचार करावा लागत नाही. पोच म्हणून पार्टीने सही करून पाठवलेले कागद मात्र आधी कंपनीच्या फोल्डरमध्ये हलवावेत, कारण ते मेलमध्ये नसतात. ते फक्त त्या फोनमध्ये आणि त्या चॅटमध्ये असतात.

यानंतर जीमेलची तीन सेटिंग्ज. ‘डेज ऑफ मेल टू सिंक’ म्हणजे किती दिवसांचं टपाल फोनमध्ये उतरवून ठेवायचं. अँड्रॉइडवर ते मुळात ३० दिवसांवर असतं. फोन लहान असेल तर ते ७ किंवा १० वर आणावं. जुने मेल कुठेही जात नाहीत, नेट असलं की शोधून उघडता येतात. मात्र जो माणूस खानवेलच्या पुढे दुधनीच्या बाजूला साइटवर जातो, त्याने जास्त दिवस ठेवणंच बरं. रेंज गेली की फोनमध्ये उतरलेलं तेवढंच टपाल हाताशी उरतं. दुसरं, वाय-फायवर अटॅचमेंट आपोआप उतरवण्याची खूण काढून टाकावी. तिसरं सेटिंग फोनच्या ‘अ‍ॅप्स’मध्ये आहे. जीमेल निवडून ‘क्लिअर कॅश’ दाबायला हरकत नाही. त्याच्याच शेजारचं ‘क्लिअर स्टोरेज’ किंवा ‘क्लिअर डेटा’ हे बटण वेगळं. ते दाबण्याआधी ‘आउटबॉक्स’ पाहावा. नेट नसताना लिहिलेला, अजून बाहेर न पडलेला मेल फक्त फोनमध्ये असतो आणि या बटणाने तो जातो. आयफोनवर कॅश पुसण्याचं बटण नाही; तिथे आयमॅपचं खातं मेल अ‍ॅपमधून काढून पुन्हा जोडलं की साठलेल्या नकला जातात. खातं पीओपीचं असेल तर हा उपाय चुकूनही करू नये.

आता मोठं गोदाम. १९९६ मध्ये सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केलं तेव्हा फुकट मेलबॉक्स २ एमबीचा होता. आजच्या फोनमधला एक फोटोही त्यात मावणार नाही. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं ते १ जीबी घेऊन, आणि तेव्हापासून ‘मेल पुसायची गरजच नाही’ अशी सवय जगाला लागली. आज गूगलचे १५ जीबी ऐकायला ऐसपैस वाटतात, पण ते एकट्या मेलचे नाहीत. ड्राइव्ह आणि फोटो त्याच जागेत भागीदार आहेत. १ जून २०२१ पासून गूगल फोटोंमधले ‘हाय क्वालिटी’चे नवे फोटोही त्यात मोजले जातात. पुढे अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपचीही भर पडली. आधी तो फुकट होता. डिसेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने तोही याच १५ जीबीत धरला जाऊ लागला. कारखान्याच्या जीमेलवर कुणी तरी आपल्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप जोडून ठेवला असेल, तर लग्नाचे व्हिडिओ आणि पर्चेस ऑर्डर एकाच खोलीत जागेसाठी भांडत असतात. मेलबॉक्स भरल्याची तक्रार आली की सर्वांत आधी ‘गूगल वन’च्या पानावर जाऊन कोणी किती जागा खाल्ली ते पाहावं. बॅकअप आणि फोटो दुसऱ्या, खासगी खात्यावर हलवले तरी पुष्कळदा प्रश्न मिटतो आणि एकही मेल पुसावा लागत नाही.

मेलमध्ये जागा खातात त्या अटॅचमेंट. नुसत्या मजकुराचा मेल काही केबीचा. पण खराब निघालेल्या यार्नच्या कोनचे चार फोटो, प्रत्येकी ४ एमबीचे, एकाच मेलला जोडले तर ते १६ एमबी होतात. शिवाय मेलमधून जाताना फाइल अक्षरांच्या रूपात बदलावी लागते आणि तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. जीमेलची पाठवण्याची मर्यादा २५ एमबी असूनही १९-२० एमबीची फाइल अडखळते, ती यामुळेच. असे फोटोंचे हजार मेलही १५ जीबी भरायला लागत नाहीत. त्यात ‘सेंट’मधली प्रत वेगळी मोजली जाते, आणि सीसीमध्ये ठेवलेल्या ऑफिसातल्या चौघांच्या खात्यांत त्याच फोटोंच्या आणखी चार प्रती. फोटो पाठवण्याआधी लहान केले किंवा ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठवला, तर एकाच प्रतीवर भागतं.

साफसफाई आकार पाहून करावी, तारीख पाहून नव्हे. जीमेलच्या शोधपट्टीत इंग्रजी अक्षरांत ‘लार्जर’, त्याला चिकटून कोलन, मग दहाचा आकडा आणि एम असं लिहिलं की १० एमबीपेक्षा मोठे मेल येतात. त्यापुढे जागा सोडून ‘ओल्डर’, अंडरस्कोर, ‘दॅन’, कोलन, तीनचा आकडा आणि वाय लिहिलं, की त्यातले तीन वर्षांहून जुने तेवढे उरतात. मेल पाठवणाऱ्याच्या नावानेही असंच गाळता येतं. मशीनच्या जाहिरातींचे कॅटलॉग, प्रदर्शनांची निमंत्रणं, सणांची भेटकार्डं या चाळणीत लगेच वर येतात. फोनवर बोटाने हे करत बसण्यापेक्षा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसून करावं. मोठ्या पडद्यावर चुकीचा मेल निवडला जाण्याची शक्यता कमी.

दोन गैरसमज इथे पुष्कळ दिसतात. अँड्रॉइडवर मेल बाजूला सरकवला की तो सहसा ‘अर्काइव्ह’ होतो; इनबॉक्स मोकळा दिसतो, पण सर्व्हरवरची जागा एक केबीनेही सुटत नाही. आणि पुसलेला मेल ‘ट्रॅश’मध्ये ३० दिवस पडून असतो, तोवर जागा अडवतोच. घाई असेल तर ट्रॅश मुद्दाम रिकामा करावा लागतो, आणि तसं करण्याआधी तो एकदा वाचून घ्यावा. चुकून पुसलेला मेल परत मिळवण्याची ती शेवटची जागा आहे.

मेलबॉक्स तुडुंब भरू देण्याची जोखीम नेमकी काय? गूगलची मर्यादा ओलांडली की मेल पाठवता येत नाहीत आणि येणारे परत फिरतात. ऑर्डर परत गेली तर पार्टी फोन तरी करेल. सरकारी नोटीस फोन करत नाही. सीजीएसटी कायद्याच्या कलम १६९ नुसार नोंदणीच्या वेळी दिलेल्या ईमेलवर नोटीस पाठवणं ही ती बजावण्याच्या मान्य पद्धतींपैकी एक आहे. जीएसटी पोर्टलवर टाकणं ही दुसरी. म्हणून नोंदणीतला ईमेल कोणता आहे, तो सुरू आहे का, त्यात जागा आहे का, हे मालकाने स्वतः पाहावं. ते अकाउंटंटवर किंवा बाहेरच्या सल्लागारावर सोडू नये. नोंदणी करून देणाऱ्याने स्वतःचाच ईमेल टाकलेला असतो, असंही घडतं.

काय पुसू नये, हा प्रश्न त्याहून अवघड, आणि त्याचं उत्तर बरंचसं कायद्यात आहे. सिल्वासातल्या युनिटचा जीएसटी क्रमांक २६ ने सुरू होतो. स्थानिक विक्रीवर सीजीएसटीबरोबर राज्याचा एसजीएसटी नसून केंद्रशासित प्रदेशाचा यूटीजीएसटी लागतो, आणि वीसेक किलोमीटरवरच्या वापीला माल गेला की राज्य बदलतं, म्हणून आयजीएसटी. त्यामुळे कोणता माल कुठे गेला याचे कागद इथे फार मोलाचे. सीजीएसटी कायद्याचं कलम ३६ सांगतं की हिशोबाचे कागद त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे. आर्थिक वर्ष २०२२-२३ च्या विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२३ होती; म्हणजे त्या वर्षाचे कागद ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर निकालानंतर एक वर्ष, किंवा ही मुदत, यांपैकी जे उशिराचं तोवर. कंपनी म्हणून नोंदलेल्यांना कंपनी कायदा २०१३ चं कलम १२८ आठ आर्थिक वर्षांची मुदत घालतं. तीन वर्षांहून जुने मेल सरसकट उडवणं म्हणूनच धोक्याचं.

पैसे अडकतात तिथे मेलची किंमत सर्वांत स्पष्ट दिसते. एमएसएमईडी कायदा २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. पण हे दिवस मोजायचे कुठून? खरेदीदाराने माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असं धरलं जातं. सहा महिन्यांनी ‘लॉट खराब होता’ म्हणणाऱ्या पार्टीसमोर पुरवठादाराकडे काय असतं? माल पोचल्याचा मेल आणि पुढच्या पंधरा दिवसांतला मेलबॉक्स, ज्यात हरकत आलेली नाही. हे दोन्ही हवेत, म्हणून त्या पार्टीचा सगळा पत्रव्यवहार अखंड ठेवावा.

आणि नुसता मेल म्हणजे करार नव्हे, असं समजणाऱ्यांनी ट्रायमेक्स इंटरनॅशनल विरुद्ध वेदांत अ‍ॅल्युमिनियम हा खटला लक्षात ठेवावा. ऑक्टोबर २००७ मध्ये बॉक्साइटच्या पाच जहाजांचा प्रस्ताव एका दिवशी मेलने गेला, दुसऱ्या दिवशी मेलनेच होकार आला. सहीशिक्क्याचा औपचारिक करार झालाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१० मध्ये ठरवलं की करार पुरा झाला होता. ‘ओके, पाठवा’ एवढ्याच मजकुराचा, काही केबीचा मेल सफाईत सर्वांत आधी उडतो. जागेच्या दृष्टीने तो नगण्य, आणि भांडण झालं तर सगळं त्याच्यावर.

मात्र ठेवायचा तो मूळ मेल. त्याचा स्क्रीनशॉट किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड केलेली पीडीएफ पुरेशी नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ७ इलेक्ट्रॉनिक नोंद जपताना तीन गोष्टी मागतं: ती नंतर उघडता यावी, मूळ स्वरूपात किंवा त्याच्याशी इमान राखणाऱ्या स्वरूपात असावी, आणि कुठून निघाली, कुठे गेली, कधी गेली-आली याचा तपशील तिच्यात राहावा. हा तपशील मेलच्या वरच्या, एरवी न दिसणाऱ्या भागात असतो. स्क्रीनशॉटमध्ये तो येत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याबाबतचा सगळ्यात गाजलेला अलीकडचा निकाल जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, या वादात निवडणूक कार्यालयातल्या चित्रणाचा प्रश्न आला, आणि अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मूळ यंत्र हजर करता येत नसेल तर नकलेसोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच तरतूद कलम ६३ मध्ये आहे. जालन्याप्रमाणे दादरा आणि नगर हवेलीवरही मुंबई उच्च न्यायालयाचाच अधिकार चालतो, तेव्हा इथल्या कारखानदाराला ही गोष्ट परकी नाही.

मग जागा करायची आणि मूळही राखायचं, ते कसं? दरवर्षी वार्षिक विवरणपत्र भरून झालं की त्या वर्षाचे मेल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरवावेत. गूगलचं ‘टेकआउट’ सगळा मेलबॉक्स एमबॉक्स स्वरूपाच्या फायलीत देतं, आणि थंडरबर्डसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये ती उघडता येते. महत्त्वाचा एखादाच मेल असेल तर कॉम्प्युटरवर जीमेल उघडून त्या मेलच्या तीन टिंबांखालचं ‘डाउनलोड मेसेज’ वापरावं. फोनच्या अ‍ॅपमध्ये ही सोय नाही. उतरवलेली फाइल दोन ठिकाणी ठेवावी, त्यांतलं एक कारखान्याबाहेर. सिल्वासाचा पाऊस आणि तळमजल्यावरची ऑफिसं पाहता हार्ड डिस्क टेबलाखाली ठेवू नये. फाइल उघडते आहे, त्यातले पाच-सात मेल नीट वाचता येतात, याची खातरजमा झाल्यावरच सर्व्हरवरचे मोठे मेल पुसावेत. एवढा खटाटोप नको असेल तर जास्तीची जागा विकत घेणं शहाणपणाचं. गूगल वर्कस्पेसच्या सर्वांत लहान योजनेतही माणशी ३० जीबी मिळतात आणि पत्ता कंपनीच्या डोमेनचा राहतो.

त्या पत्त्याचं महत्त्व लहान युनिटमध्ये कमी लेखलं जातं. एकच जीमेल खातं मालक, सुपरवायझर, अकाउंटंट आणि डिस्पॅचवाला अशा चौघांच्या फोनवर उघडं असतं. चौघांपैकी एकाने स्वतःच्या फोनमध्ये जागा करायला मेल पुसले की चौघांचेही गेले. खात्याला जोडलेला रिकव्हरीचा नंबर बहुतेकदा ते उघडून देणाऱ्याचा असतो, आणि तो माणूस केव्हाच दुसरीकडे कामाला लागलेला असतो. हा नंबर आज बदलून घ्यावा, आणि सोडून गेलेल्यांच्या फोनवरून खातं ‘साइन आउट’ करावं. खात्याच्या ‘सिक्युरिटी’ पानावर कोणत्या फोनवर ते उघडं आहे त्याची यादीच असते.

जुना फोन एक्स्चेंजमध्ये द्यायची वेळ आली की दुकानदार पाच मिनिटांत तो रिसेट करून देतो. त्याआधी प्रत्येक खात्याचं ‘इनकमिंग सर्व्हर’ सेटिंग पाहून घ्यावं. एखादं जरी पीओपीचं निघालं, तर फोन दुकानात ठेवू नये. घरी आणून त्यातलं टपाल आधी कॉम्प्युटरवर उतरवावं, कारण सर्व्हरवर प्रत ठेवलेली नसेल तर त्या खात्याचे जुने मेल त्या फोनखेरीज दुसरीकडे कुठेही नाहीत.